हात स्पष्ट दिसतील असा फोन

आमच्या ऑफिसच्या मागे रस्ता एकदम खाली उतरतो. उताराच्या तळाशी दोन्ही बाजूंच्या इमारती इतक्या उंच आणि इतक्या जवळ आहेत की दुकानांतून भर दुपारीही दिवे लावावे लागतात. तिथल्या लाँड्रीत, जिन्याखाली जी तिरकी जागा उरते, तिच्यात रफूताईंचे टेबल आहे. उंच माणसाला तिथे उभे राहता येत नाही. रफूताईंना उभे राहण्याची गरजही पडत नाही. शटर वर गेले की त्या बसतात आणि शटर खाली यायच्या बेताला उठतात. मधल्या वेळात कुणाच्या स्वेटरला पडलेले भोक, कुणाच्या पँटवरची सिगारेटची ठिणगी, कुणाच्या रेशमी साडीची खोच त्यांच्या बोटांखाली हळूहळू नाहीशी होत जाते.

माझी त्यांची ओळख एका कोटाच्या कोपरामुळे झाली. कोट खिळ्याला अडकून फाटला होता. "याच रंगाचा दोरा मिळेल ना?" असे मी विचारले. उत्तर आले नाही. मी जरा मोठ्याने पुन्हा विचारले. तेव्हा काउंटरवरून लाँड्रीवाले काका म्हणाले, "साहेब, तोफ डागलीत तरी उपयोग नाही. जन्मापासून ऐकू येत नाही त्यांना. समोर या आणि हातानं विचारा."

हाताने कसे विचारायचे ते मला सुचेना. ताईंनी माझा गोंधळ पाहिला, कोट उलटा केला, अस्तर थोडे उसवून आतल्या शिवणीतून कापडाचाच एक धागा ओढून काढला आणि तो माझ्या नाकासमोर धरला. बाजारातला दोरा त्या वापरत नाहीत. रंग हुबेहूब जुळला तरी धुतल्यावर तो परका दिसतो, असे त्यांचे म्हणणे. हे मला अर्थात काकांनी सांगितले.

त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात माझे नाव 'कोपर' पडले. दोन बोटे डाव्या कोपरावर टेकली की तो मी. काकांचे नाव म्हणजे पोटावरून फिरवलेला गोल हात. "पोट होतं तेव्हा ठेवलेलं नाव आहे हे," काका तक्रार करीत. "आता डॉक्टरनं निम्मं उतरवायला लावलं, तरी बाईसाहेब नाव बदलायला तयार नाहीत." यावर ताई पूर्वीपेक्षाही मोठा गोल काढून दाखवीत आणि खांदे हलवून, आवाज न करता हसत.

त्यांची भाषा कोणत्याही शाळेतली नव्हती. त्या शाळेत गेल्या नव्हत्या आणि त्यांचे यजमानही गेले नव्हते. यजमानांनाही ऐकू येत नसे. ते छापखान्यात मशीनवर कामाला होते, आणि यंत्रांच्या खडखडाटाचा त्रास न होणारा कामगार मालकाला सोयीचाच वाटे. दोघे दोन निराळ्या गावांतून आपापल्या घरच्या खुणा घेऊन आली, आणि लग्नानंतर एका खोलीत त्या खुणांचाही संसार झाला. 'संपले' म्हणजे मशीनचा दांडा खाली ओढणे. 'समजूत काढणे' म्हणजे हवेत सुईने घातलेला टाका. 'पाहुणे' म्हणजे नाकाला लावलेले बोट. ही खूण कशी पडली ते काकांनी पुष्कळदा विचारूनही ताईंनी सांगितलेले नाही. मुलगा झाला, तो ऐकणारा निघाला. म्हणून कानाची पाळी ओढली की तो. पुढे यजमान वारले. मुलगा नोकरीसाठी परदेशात गेला. ती भाषा पुरती येणारी माणसे जगात दोनच उरली, आणि त्या दोघांच्या मध्ये समुद्र आला. काकांना ती कामापुरती येते. मला त्याहूनही कमी.

मुलाने तिकडेच लग्न केले. मुलगी झाली, आणि तिचे वर्ष भरण्याच्या आतच कळले की तिलाही ऐकू येत नाही. ही बातमी ताईंनी काकांना दिली तेव्हा मी काउंटरपाशी उभा होतो. काकांचा चेहरा उतरला. ताईंनी टेबलावर थाप मारली आणि भराभर हात चालवले. काका वरमून माझ्याकडे वळले. "रागावल्या. म्हणतात, तोंड कशाला पाडतोस? घरात बोलायला माणूस आलंय."

पण त्या माणसाला बोलायला शिकवायचे कोणी? सून तिकडची आणि ऐकणारी. हातांशी तिचा कधी संबंध आलेला नव्हता. मुलगा लांबलांबच्या पाळ्यांवर. उरली आजी. तिच्याकडे वेळही थोडाच होता, कारण तिकडे अशा मुलांना लहान वयातच खास शाळेत घालतात, आणि तिथे शिकवतात ते हात तिकडचे. इकडच्या आणि तिकडच्या खुणांचा मेळ नसतो, असे मुलाने सांगून ठेवले होते. शाळा लागण्यापूर्वी नातीच्या बोटांत जेवढे उतरेल तेवढेच आपले, हे ताईंनी मनाशी पक्के धरले होते.

यासाठी साधन एकच, ते म्हणजे फोन. आणि तिथेच सगळे अडले.

त्या तळाच्या गल्लीत एकाच कंपनीचे नेटवर्क पोहोचते. तिच्या दुकानाची पाटी निळी, म्हणून सगळे तिला निळी म्हणतात. दुसरी मोठी कंपनी पिवळी. ती शहरभर दिमाखात चालते आणि उतार सुरू झाला की मान टाकते. ताईंकडे निळीचा साधा फोन होता. व्हिडिओ कॉल लागे, पण जिन्याखालच्या उजेडात त्याच्या कॅमेऱ्याची तारांबळ उडे. बोलणाऱ्या माणसाचे चित्र अडखळले तरी आवाज पुढे जातो आणि काम भागते. हातांना ती सवलत नाही. ताईंची बोटे जरा वेगाने हलली की पडद्यावर नुसता धुराचा लोट दिसे. नात थोडा वेळ त्या धुराकडे पाही आणि मग खेळण्याकडे वळे. सावकाश हात हलवावेत, तर ते बोलणे राहत नसे; आपण एकेक अक्षर सुटे करून म्हणावे आणि लहान मुलाने ते ऐकत बसावे, तसे काहीतरी होई.

काकांनी ताईंना निळीच्या दुकानात नेले आणि मांडलेल्या प्रत्येक फोनसमोर हात हलवायला लावले. तिथल्या मुलींना ही कसली कवायत ते कळेना. एकाही फोनमध्ये बोटे सुटी दिसली नाहीत. मग परतीच्या वाटेवर पिवळीचे दुकान लागले. काचेआड एक नवा फोन उभा होता आणि त्याचा कॅमेरा रस्त्याकडे रोखलेला होता. ताई थबकल्या. पडद्यावर त्यांनी स्वतःला पाहिले, सवयीने हात उचलला, आणि प्रत्येक बोट, बोटाचे प्रत्येक पेर, अंगठीचा चरासुद्धा त्यांना स्वच्छ दिसला. "मग काय विचारता," काका दुसऱ्या दिवशी मला सांगत होते, "बाई रस्त्यात उभ्या राहून काचेशी गप्पा मारायला लागल्या. लोक थांबून बघतायत. मला म्हणतात, बघ बघ, मी दिसते."

विक्रेता लगबगीने बाहेर आला होता. "काका, हे मॉडेल फक्त आमच्याकडे. दुसऱ्या कुठल्याच कंपनीत मिळणार नाही," त्याने अभिमानाने सांगितले.

"आणि आमच्या गल्लीत तुमचं नेटवर्क?"

"लवकरच येतंय."

"ते मी दाढी काळी होती तेव्हापासून ऐकतोय. यात निळीचं सिम घातलं तर?"

"नाही चालणार. लॉक आहे. आमचंच सिम."

"म्हणजे जो फोन दिसतो तो चालत नाही आणि जो चालतो त्यात दिसत नाही."

विक्रेत्याला हे वाक्य आवडले असावे. तो हसला आणि त्याने काकांना जाहिरातीचा एक फुगा दिला.

मुलाने मात्र वाट काढली. तोच फोन तिकडे उघड्या बाजारात, कुठल्याही कंपनीच्या कुलुपाशिवाय मिळत होता. नाव तेच, काच तीच, रंगही ताईंना आवडलेला तोच. त्याने खात्रीसाठी चित्र पाठवले. ताईंनी ते पिवळीच्या काचेशी धरून ताडून पाहिले आणि होकार कळवला.

पार्सल आले त्या दिवशी लाँड्रीत इस्त्र्या थंड पडल्या होत्या. काउंटरवरचे कपडे बाजूला सारून खोका उघडला गेला. ताईंनी हात धुऊन आणि पदराला पुसून फोन उचलला. जुन्या फोनमधले सिम काढून नव्यात घातले. पडदा उजळला, आणि कोपऱ्यात अक्षरे आली: 'सेवा उपलब्ध नाही.'

"नवीन आहे, बुजलंय," काका म्हणाले. "जरा दम धरू द्या त्याला."

दम धरू दिला. मग फोन दारात नेला, रस्त्यावर नेला. मी गावाकडचा, आमच्याकडे नेटवर्क म्हणजे उंची, असा साधा समज असे आणि निरोप द्यायला माणसे पाण्याच्या टाकीवर चढत. म्हणून मी फोन घेऊन उतार चढून वरच्या चौकापर्यंत गेलो. तिथे निळीचा टॉवर डोळ्यांना दिसत होता. अक्षरे बदलली नाहीत. मी परत आलो तेव्हा ताई दारातच उभ्या होत्या. माझ्या चालण्यावरून त्यांना कळले असावे.

गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. डोळ्याला भिंग लावून काम करतो म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. त्याने फोन पालथा केला, तळाशी कोरलेले बारीक अक्षर वाचले आणि भिंग कपाळावर सरकवले. "काका, हा तो नाही."

"तोच आहे. नाव वाच, रंग बघ."

"नाव सगळ्यांचं तेच असतं. हे शेवटचं अक्षर बघा. तिकडच्या बाजारासाठी बनवलेला आहे. कंपनी प्रत्येक मुलखासाठी आतला रेडिओ वेगळा बसवते. निळीचा व्हिडिओ ज्या लहरींवर चालतो, त्या यात घातलेल्याच नाहीत."

"मग घाल की तू."

"हे काय पेनात शाई भरणं आहे का?"

काकांनी हे सगळे आपल्या तुटपुंज्या खुणांनी ताईंना सांगायचा प्रयत्न केला. लहरींना काय खूण करावी हे त्यांना समजेना; त्यांनी पाण्यासारखा हात हलवला, तेव्हा फोन भिजला की काय, असे वाटून ताईंनी तो पदरात धरला. शेवटी डॉक्टरने दुरुस्तीला आलेला पिवळीचा तसाच एक फोन काढला आणि दोन्ही उलटे ठेवून शेवटच्या अक्षरांवर बोट ठेवले. ताईंनी ती अक्षरे आळीपाळीने ताडून पाहिली. मग त्यांनी आपल्याच बाहीची कड उलटी केली, आतला धागा चिमटीत धरून दाखवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काय म्हणतात?" मी विचारले.

काकांनी फोन उचलून बाहीला पुसला. "म्हणतात, जन्मभर लोकांना सांगते की वरचा रंग बघू नका, आतला धागा काढून बघा. आणि स्वतः काचेवर भाळले."

डॉक्टरला वाईट वाटले. तो म्हणाला की एक अरुंद लहर दोन्हीकडे सारखी आहे. निळीने हा फोन आपल्या यादीत नोंदवून घेतला तर कदाचित काही जमेल. कदाचित, हा शब्द त्याने दोनदा उच्चारला. आम्ही तो एकदाही मनावर घेतला नाही.

निळीच्या कार्यालयात काचेपलीकडचा तरुण सभ्य होता. "हे मॉडेल आमच्या यादीत नाही. विनंती करता येईल. ग्राहकाने कस्टमर केअरला फोन करायचा."

"ग्राहक तुमच्यासमोर उभ्या आहेत," मी म्हणालो.

"हो, पण इथे विनंती घेता येत नाही. ती फोनवरच घेतात."

"त्यांना ऐकू येत नाही. बोलताही येत नाही."

त्याने ताईंकडे पाहिले, मग आपल्या पडद्याकडे, मग पुन्हा ताईंकडे. त्याच्या समोरच्या रकान्यांत या परिस्थितीसाठी जागा नसावी. "मग घरातल्या कोणाला तरी बोलायला सांगा," तो हळू आवाजात म्हणाला.

लाँड्रीच्या मागच्या बाजूला, जिथे धुतलेल्या चादरी वाळत असतात, तिथे उभे राहून मी माझ्या फोनवरून तो क्रमांक लावला. पुष्कळ संगीत ऐकल्यावर एका मुलीचा गोड आवाज आला. मी सर्व हकिगत सांगितली. तिने ती मध्ये न बोलता ऐकली, सहानुभूती व्यक्त केली आणि म्हणाली, "सर, खातेदारांची संमती लागेल. त्यांनी स्वतः फोनवर फक्त 'हो' म्हणायचं आहे."

"त्या बोलू शकत नाहीत, हेच तर मी आपल्याला सांगतो आहे."

"सर, मी समजू शकते. फक्त 'हो' म्हणायचं आहे."

मी काकांकडे पाहिले. काकांनी ताईंना खूण केली: तोंड उघडून, घशावर बोट ठेवून. ताईंनी माझ्या हातातला फोन घेतला, तो कोणत्या बाजूने धरतात याचा क्षणभर विचार केला, आणि ओठांजवळ नेऊन त्यांनी आवाज केला. मी त्यांना इतकी वर्षे ओळखत होतो, पण त्यांचा आवाज तोवर ऐकला नव्हता. तो खोल होता आणि त्याला वळण नव्हते. चादरींमध्ये काम करणारी दोन माणसे वळून पाहू लागली. ताईंना ते दिसले. त्यांनी फोन घाईने माझ्याकडे दिला.

"माफ करा सर," पलीकडून मुलगी म्हणाली, "आवाज स्पष्ट येत नाहीये. खातेदारांना जरा शांत ठिकाणी जाऊन बोलायला सांगाल का?"

काकांनी फोन माझ्या हातून ओढून घेतला. "बाई, ह्यांच्या कानांना याहून शांत जागा मी आणू कुठून?" फोन बंद झाला. त्यांनी बंद केला की तिकडून झाला, ते कळले नाही.

अखेर कोणा वरिष्ठाने रेकॉर्डिंगमधला तो आवाज होकार म्हणून मान्य केला. पुढच्या अपडेटनंतर फोन चालू होईल, असा संदेश आला. अपडेट यायला ऋतू बदलला. त्या काळात ताईंनी नवा फोन टेबलाच्या खणात ठेवला होता आणि जुन्यावर धुराचे बोलणे चालूच होते. अपडेट आले, आणि नव्या फोनच्या कोपऱ्यात एक काडी उगवली. आम्ही हर्षाने व्हिडिओ लावून पाहिला. 'हे मॉडेल या सेवेसाठी मंजूर नाही.' साधा कॉल मात्र खणखणीत लागत होता. त्या फोनवर आता बोलता येऊ लागले होते. नुसते बोलता.

ताईंनी काकांना विचारले की चालू झाला का. काकांना 'हो'ही म्हणता येईना आणि 'नाही'ही.

मी त्यांना माझ्या घरी बोलावले होते, तेही नवा फोन हाती आला त्याच आठवड्यात. माझे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे तारेचे इंटरनेट आहे, आणि घरातल्या वाय-फायला फोन कोणत्या मुलखाचा आहे याच्याशी कर्तव्य नसते. ताईंनी माझे आभार मानले होते, पण आल्या नव्हत्या. काकांनी त्यांचे म्हणणे मला असे सांगितले: "म्हणतात, तुमच्या हॉलमध्ये बसून घरचं कसं बोलू? तुम्ही ऐकणारी माणसं दार लोटून घेता. हातांना दार कुठून लावायचं?" शिवाय गल्लीत तार टाकण्यासाठी खड्डे खणलेले होते, आज ना उद्या ती येणार होती. खड्डे पुढे बुजवले गेले. तार आत घातली होती की नाही हे कोणालाच माहीत नाही.

मग एका संध्याकाळी मी लाँड्रीवरून जात असता ताईंनी मला थांबवले. दोन बोटे कोपरावर टेकवली आणि वर, उताराकडे हात केला. मला कळले नाही. काका इस्त्री उभी करून म्हणाले, "रविवारी येऊ का विचारतात. नात शाळेत जायला लागली. पोराचा निरोप आलाय. आजीला विसरायला लागली म्हणे."

रविवारी काका स्वतःच्याच दुकानात इस्त्री केलेला कडक शर्ट घालून आले होते. माझ्या बायकोने खिडकीचा पडदा सारला, उजेड ताईंच्या हातांवर पडेल अशी खुर्ची लावली आणि ती आपणहून आत निघून गेली. ताईंनी फोन पुस्तकांना टेकवून उभा केला. वाय-फाय जोडले गेले. घंटा वाजली, जी त्यांच्यासाठी नव्हतीच, आणि पडदा उजळला.

नात दिसली. डोळे, पापण्या, हनुवटीला लागलेला रंग, सारे स्वच्छ. ताईंनी हात वर केले आणि तितकेच स्वच्छ ते तिलाही दिसले असले पाहिजेत, कारण ती पोर सरळ बसली. सुईत दोरा ओवावा तशी ताईंनी चिमूट डोळ्याजवळ नेली. घरच्या भाषेत ही आजी. नातीने ती चिमूट निरखून पाहिली. मग मान हलवून तिने दुसरेच काही केले. हनुवटीपासून हात पुढे टप्प्याटप्प्याने नेला, आणि आजीकडे बोट दाखवले. ताई गोंधळल्या. मुलगा पडद्यात डोकावला, कानाची पाळी ओढून त्याने हजेरी दिली आणि खुणा केल्या.

"तो म्हणतो, शाळेत आजीला असं म्हणतात," काका पुटपुटले. "तिकडच्या सगळ्या आज्यांना तीच खूण."

ताईंनी ती करून पाहिली. हात हनुवटीपासून पुढे नेला, तो अडखळला. नात हसली, आणि तिला वाटले असावे की आता आजीला भाषा आली. ती सुटली. इवले हात भराभर चालू लागले, भुवया उडू लागल्या, मध्येच गाल फुगले. कोणी पडले होते का? कोणी प्राणी होता? गोष्ट मोठी होती आणि तिच्यात कोणाचे तरी फार हसू होते. एकही बोट धूसर नव्हते. ताई डोळ्यांची पापणी न लवू देता पाहत होत्या. गोष्ट संपली, नातीने एक प्रश्न केला आणि ती उत्तराची वाट पाहू लागली.

ताईंनी मुलाकडे पाहिले. मुलाने खांदे वर केले. "त्यालाही येत नाही," काका म्हणाले. "म्हणतो, शाळेतलं आहे, मला रोज नवीनच असतं. बाईंना विचारून सांगतो."

नातीने प्रश्न पुन्हा केला, या वेळी सावकाश. एकेक खूण सुटी करून. मग ती खुर्चीवरून उतरली आणि चित्राबाहेर गेली.

ताई बसून राहिल्या. माझ्या बायकोने चहा आणला. तो त्यांनी पूर्ण घेतला, परक्याच्या घरी घेतात तसा. निघताना फोनकडे बोट दाखवून त्यांनी काकांना काही सांगितले. "इथेच ठेवू का विचारतात. तिकडे खणात पडून काय करायचाय? दर रविवारी येईन म्हणतात."

तेव्हापासून तो फोन आमच्या हॉलमधल्या फळीवर असतो. रविवारी ताई येतात. शाळेतले काही हात त्या शिकतात, दोन शिकेपर्यंत नात दहा पुढे गेलेली असते. सुरुवात मात्र अजून घरच्या चिमटीनेच करतात.

मागच्या आठवड्यात, मधल्याच एका दिवशी, फोन वाजला. मी ऑफिसात होतो. बायकोने उचलला. नात एकटीच होती. मुलांना हल्ली हे सगळे येते. अनोळखी बाई पाहून ती दचकली नाही. तिने एक खूण केली आणि थांबली. बायकोने हात हलवला. नातीनेही हलवला, आणि पुन्हा तीच खूण केली. बायकोने आपल्या फोनवरून लाँड्रीत कळवले. काका म्हणाले, सांगतो, पण इथून दोन बस आहेत, पोहोचणार कधी? तेवढा वेळ नात थांबली नाही. तिने फोन खाली ठेवला, आणि पडद्यावर कुठल्या तरी खोलीचे छत दिसत राहिले. "मी बंद नाही केला," बायको मला म्हणाली. "कसा करणार?"

दुसऱ्या दिवशी मी लाँड्रीत गेलो तेव्हा ताई वाटच पाहत होत्या. काकांची गरज लागली नाही. त्यांनी सुई बाजूला ठेवली आणि माझ्या हातांकडे बोट दाखवले. काय म्हणाली ते दाखवा.

बायकोने मला ती खूण करून दाखवली होती. मी ती केली. ताईंनी भुवया आवळल्या. मी पुन्हा केली, आणि मनगट कदाचित उलटे वळले. त्यांनी माझा हात धरून वळवला. अशी? मग बोटे मिटवली. की अशी? मग तळवा छातीकडे नेला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. प्रत्येक वेळी मला वाटे की हीच, आणि पुढची केली की तीही तशीच वाटे. काउंटरवर गिऱ्हाईक उभे होते. काकांनी त्याला थांबायला सांगितले. ताईंनी माझा हात सोडला नाही. त्या एकेक वळण घालून पाहत होत्या आणि विचारत होत्या, आणि मी मान हलवत होतो, कधी होकारार्थी, कधी नकारार्थी, कशाचीच खात्री नसताना.